टाकी गावाची, पाणी धरणाचे, बिल कोणाचे?

जिल्हा परिषदेने योजना बांधायची आणि ग्रामपंचायतींनी ती चालवायची असे ठरले, की दोघांमध्ये लेखी करार लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी तालुक्यात अशा करारांचा खरा कस लागतो तो पिण्याच्या पाण्यावर. बारागाव नांदूरजवळच्या मुळा धरणाची साठवण २६ टीएमसी. त्यातून कालव्याखालची शेती भिजते, अहिल्यानगर शहर पाणी पिते आणि खेड्यांच्या सामाईक योजनाही चालतात. बारागाव नांदूर व आसपासच्या गावांची प्रादेशिक योजना तालुक्यातलीच. नगर तालुक्यातील बुऱ्हाणनगर व ४४ गावांची योजना आणि पाथर्डीकडची मिरी-तिसगाव योजना यांचेही पाणी मुळेचेच. एक गाव, एक विहीर, एक टाकी असली की तंटा गावच्या पारावर मिटतो. अनेक गावे एका पंपावर आली, की पाराऐवजी कागद लागतो.

या कागदाच्या दोन्ही बाजूंना कायदा उभा आहे. ग्रामपंचायत १९५८ च्या अधिनियमाने चालते; त्यातील कलम ४५ आणि त्याला जोडलेली ग्रामसूची तिची कामे सांगतात. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती १९६१ च्या अधिनियमाची लेकरे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून त्या १ मे १९६२ पासून कारभारात आल्या. गंमत अशी, की पिण्याचे पाणी गावाच्या यादीत आहे आणि जिल्ह्याच्याही. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतींसाठी नोंदवले, त्यातही ते आहेच. मात्र कोणत्या पायरीने किती करायचे, हे राज्यांवर सोडले. दोघांचेही काम असलेले काम बहुधा कोणाचेच उरत नाही. करार ही रिकामी जागा भरण्यासाठी असतो.

त्याला भागीदारी म्हणताना एक अडचण मात्र झाकून चालत नाही. हे दोन पक्ष बरोबरीचे नाहीत. जिल्हा परिषदेकडे अभियंते, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मंजुरी. ग्रामपंचायतीकडे घरपट्टी-पाणीपट्टीचे तुटपुंजे उत्पन्न आणि कित्येकदा दोन गावे सांभाळणारा एक ग्रामसेवक. सरपंचाने गैरवर्तन केल्याची तक्रार आली, तर चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यामार्फत होते आणि कलम ३९ खाली विभागीय आयुक्त त्याला पदावरून काढू शकतात. म्हणजे कराराचा एक पक्ष दुसऱ्याची चौकशी करणारा. अशा स्थितीत ‘गावाने हे करावे’ अशी कलमे भराभर लिहिली जातात. ‘जिल्हा परिषदेने अमुक दिवसांत हे करावे’ असे कलम गावाला मागूनच घ्यावे लागते.

गाव मागू लागले ते पंचवीस वर्षांपूर्वी. त्याआधी योजना वरून येत. सरकारी यंत्रणा टाकी बांधी, उद्घाटन होई आणि चावी ग्रामपंचायतीच्या हातात पडे. ती नको म्हणण्याची सोय नव्हती. २००० साली राज्याने धोरण फिरवले. गावाने मागणी करायची, भांडवली खर्चाचा दहा टक्के वाटा उचलायचा आणि पुढची देखभाल स्वतः पाहायची. जागतिक बँकेच्या मदतीचा जलस्वराज्य प्रकल्प राज्याच्या २६ जिल्ह्यांत गेला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), पुणे आणि औरंगाबाद या तीन जिल्ह्यांत जर्मनीच्या अर्थसाहाय्याने ‘आपलं पाणी’ प्रकल्प राबवला गेला. गावची पाणीपुरवठा समिती, ग्रामसभेचा ठराव, लोकवर्गणी आणि लेखी करार ही साखळी तेव्हा गावोगावी रुळली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशननेही तीच वाट धरली: माणशी रोज ५५ लिटर, घरोघरी नळ, गावातल्या कामाच्या खर्चात दहा टक्के लोकवाटा, डोंगरी आणि अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत पाच टक्के. समितीत निम्म्या महिला असाव्यात, अशीही अट.

सामाईक योजनेत पाण्याचा प्रवास सरळ असतो, जबाबदारीचा मात्र नाही. जलाशयातून पंपाने उचललेले पाणी जलशुद्धीकरण केंद्रात येते. तिथून मुख्य वाहिनीने ते गावोगावच्या उंच टाक्यांत पडते आणि टाकीतून गल्लीतल्या नळांना जाते. जाणकार करारात रेघ ओढली जाते ती गावच्या टाकीच्या तोंडाशी. रेघेच्या अलीकडचे सारे, म्हणजे पंप, शुद्धीकरण, मुख्य वाहिनी, योजना चालवणाऱ्याचे; पलीकडची गावातली वाहिनी, नळजोडण्या आणि वसुली ग्रामपंचायतीची. चालवणारा कोण, हे योजनेगणिक बदलते. कुठे जिल्हा परिषद, कुठे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, कुठे सहभागी ग्रामपंचायतींच्या प्रतिनिधींची संयुक्त समिती. शेवटचा प्रकार कागदावर सर्वांत देखणा आणि चालवायला सर्वांत अवघड, कारण समितीवर बसलेला प्रत्येक जण आपल्या गावचा वकील असतो.

मग रेघेवर मीटर हवा. तीन हजार वस्तीच्या गावाला ५५ लिटरच्या हिशोबाने दिवसाला १ लाख ६५ हजार लिटर पाणी लागते. पूर्वीच्या ४० लिटरच्या निकषाने १ लाख २० हजारच पुरे झाले असते, आणि जुन्या योजनांची वाहिनी त्याच मापाने टाकलेली असते. टाकीच्या तोंडाशी मीटर नसेल, तर गाव म्हणते ‘पाणी आलेच नाही’, योजना म्हणते ‘सोडले होते’, आणि दोघेही खरे बोलत असू शकतात. मधल्या पट्ट्यात मुख्य वाहिनीच्या एअर वॉल्व्हपाशी कोणी पाइप जोडून घेतला असेल, तर पाणी तिथेच मुरते. शेवटच्या गावाची टाकी भरत नाही, त्या गावची वसुली बसते, वसुली बसली की योजनेचे देणे थकते. म्हणून अनधिकृत जोडणी कोणी तोडायची, फिर्याद कोणी द्यायची आणि पोलिस बंदोबस्त कोणी मागायचा, हे नावानिशी नाही तरी पदानिशी लिहावे लागते.

सर्वांत जाड कलम विजेचे असायला हवे. बहुधा ते सर्वांत बारीक असते. समजा, एखाद्या गावात ६०० नळजोडण्या आहेत आणि पाणीपट्टी वर्षाला १,२०० रुपये. मागणी झाली ७ लाख २० हजारांची. वसुली साठ टक्के झाली, तर हातात येतात ४ लाख ३२ हजार. त्यातून पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर आणि गळती दुरुस्ती वजा जाता जे उरते, त्यातून योजनेचे पाणीबिल द्यायचे. गाव आपला वाटा थकवते, तसे शेजारचेही थकवते. पंपाचे बिल मात्र एकच येते आणि ते थकले, की वीज साऱ्या गावांची तुटते. वेळेवर भरणारे गावही कोरडे राहते. पुढच्या वर्षी तेही भरत नाही, आणि त्याला दोष देणे कठीण. यावर एकच उतारा बरा चाललेला दिसतो: बिल माणशी किंवा जोडणीमागे न आकारता टाकीच्या मीटरवर आकारायचे, प्रत्येक गावाने दोन-तीन महिन्यांची रक्कम आगाऊ ठेवायची आणि थकबाकी झाली तर त्या एका गावचा वॉल्व्ह कमी करायचा. हे शेवटचे कलम लिहिणे सोपे; निवडणुकीच्या वर्षात वॉल्व्ह फिरवणारा हात मिळणे तितके सोपे नाही.

पाणी मोजून द्यायचे आणि मोजून पैसे घ्यायचे, ही रीत या भागाला परकी नाही. याच मुळा प्रकल्पाच्या उजव्या कालव्यावर, नेवासे तालुक्यातील चांदा येथे, मायनर ७ वरच्या शेतकऱ्यांनी श्री दत्त सहकारी पाणीवापर संस्था काढली. पुण्याच्या ‘कॅसॅड’ या अभ्याससंस्थेच्या पुढाकाराने १९८९ साली तिचा पाटबंधारे खात्याशी करार झाला. खात्याने मायनरच्या मुखाशी ठरलेले पाणी मोजून द्यायचे, आत कोणाला किती हे संस्थेने पाहायचे, पट्टी संस्थेने गोळा करायची. पुढे २००५ साली सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडून करण्याचा कायदाच झाला. चांद्याच्या करारात खात्याचे बंधनही मापाने लिहिलेले होते. पिण्याच्या पाण्याच्या करारात हे क्वचितच आढळते. वरच्या संस्थेलाही बांधणारा कागद परदेशातही सापडतो. इंग्लंडमध्ये १८९४ च्या कायद्याने गावपातळीवर पॅरिश कौन्सिले आली. तिथल्या वरिष्ठ स्थानिक संस्था त्यांच्याशी ‘चार्टर’ नावाचा लेखी समजुतीचा मसुदा करतात: कोणत्या निर्णयाआधी गावाला विचारायचे, उत्तराला किती दिवस द्यायचे, बाग किंवा स्मशानभूमी गावाकडे सोपवली तर सोबत पैसे किती. असा मसुदा कोर्टात बजावता येतोच असे नाही. तो पाळला जातो, कारण वर्षातून ठरावीक वेळा दोघे एका टेबलाशी बसतात.

करार घडतो कसा, हे पाहायचे तर ग्रामसभेच्या इतिवृत्ताची वही उघडावी. विषय क्रमांक, चर्चेच्या दोन ओळी, सूचक, अनुमोदक आणि शेवटी ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. चर्चेच्या त्या दोन ओळींतच खोट असते. कराराचा मसुदा पंचायत समितीतून छापील येतो आणि सह्यांच्या दिवशीच पहिल्यांदा वाचला जातो. त्याऐवजी मसुदा आधी वॉर्डसभेत आणि महिलासभेत वाचला, तर प्रश्न वेगळे निघतात. पाणी पहाटे चारला येणार की सकाळी सातला, हा प्रश्न छापील मसुद्यात नसतो. हंडे भरणाऱ्या बाईच्या डोक्यात पहिला तोच असतो. वेळापत्रक कराराला परिशिष्ट म्हणून जोडले, की करार घरात पोहोचतो. पाण्याच्या गुणवत्तेचेही तसेच. पाण्यातले क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट रोज कोणी करायची आणि नोंद कोणत्या वहीत, हे लिहिलेले असले, तर तपासणीनंतर ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या हिरव्या, पिवळ्या किंवा लाल कार्डाचे श्रेय-अपश्रेय नीट वाटता येते.

सही करणारी माणसे बदलतात, हाही भाग कलमांत धरावा लागतो. सरपंचाची मुदत पाच वर्षांची, ग्रामसेवकाची बदली त्याआधीच. वरच्या टोकालाही तेच: मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर अहमदनगरसह अनेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले आणि ज्या सदस्याकडे गाऱ्हाणे न्यायचे, ती खुर्चीच रिकामी झाली. त्यामुळे कराराची प्रत, मीटरच्या नोंदी, थकबाकीचा तक्ता आणि वॉल्व्हच्या जागांचा नकाशा चार्ज देताना यादीत लिहून द्यायचा, असे कलम असलेले बरे. वॉल्व्ह मातीखाली कुठे गाडला गेला आहे, हे बहुतेक गावांत फक्त पाणी सोडणाऱ्या माणसाला माहीत असते, आणि तो निवृत्त झाला की गाव रस्ता खोदत बसते. वाद झालाच तर तो कोणापुढे न्यायचा हेही तिथेच ठरवायचे: आधी गटविकास अधिकारी आणि उपअभियंता यांच्यापुढे, पंधरा दिवसांत न सुटल्यास मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांपुढे. दर वर्षी नवे आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी, पाणीपट्टीचा दर ठरवणाऱ्या त्याच सभेत, करार पुन्हा वाचायचा आणि विजेचा दर वाढला असेल तर आकडे बदलून नव्या परिशिष्टावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या.