वॉटर पंपाची गळती : थेंबाकडे दुर्लक्ष नको

बंगळुरूहून पुण्याला जाणाऱ्या वाहनाला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वरून सुमारे साडेआठशे किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. बंगळुरूत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुट्ट्यांच्या काळात याच मार्गाने हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करीत गावी परततात. निघण्याच्या आदल्या दिवशी डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीखाली, इंजिनाच्या पुढच्या बाजूला हिरवट किंवा गुलाबी डाग आढळला, तर तो वॉटर पंपाच्या गळतीचा असू शकतो. ही गळती थोडी आहे म्हणून प्रवास संपेपर्यंत दुरुस्ती लांबणीवर टाकणे महागात पडते.

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या ऊर्जेपैकी बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. त्यातील काही उष्णता धुरावाटे जाते आणि काही कूलंट वाहून नेते. हे कूलंट इंजिन व रेडिएटर यांच्यामध्ये सतत फिरते ठेवण्याचे काम वॉटर पंप करतो. पंपाच्या दांड्यावर एका टोकाला पट्ट्याने फिरणारी पुली आणि दुसऱ्या टोकाला पाती असलेले चाक असते. या दोहोंमध्ये बेअरिंग आणि कूलंट अडवणारे सील असते. सील झिजले की पंपाच्या अंगावरील एका बारीक छिद्रातून थेंब गळू लागतात. हे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावे आणि चालकाला वेळीच सूचना मिळावी, हा त्यामागील हेतू आहे. त्यामुळे हे छिद्र चिकट मिश्रणाने बुजवण्याचा उपाय अपायकारकच ठरतो.

गळतीचा दुसरा परिणाम सहज लक्षात येत नाही. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९७ अंश सेल्सिअसला उकळते. इंजिनातील कूलंट मात्र रेडिएटरच्या झाकणामुळे दाबाखाली राहते आणि शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. गळतीमुळे हा दाब टिकत नाही. बेळगावहून आंबोलीमार्गे कोकणात उतरलेल्या गाडीला परतताना घाट चढावा लागतो. अशा चढावर कूलंट उकळले, तर सिलिंडर हेड वाकणे, हेड गॅस्केट जळणे असे प्रकार घडतात. त्या दुरुस्तीचा खर्च नव्या पंपाच्या कित्येक पट असतो.

तापमानदर्शक काट्यावरही पूर्ण विसंबून राहता येत नाही. कूलंट फारच कमी झाले आणि सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन तापलेले असतानाही काटा खाली येऊ शकतो. काटा अचानक वर गेला, अथवा हीटरमधून गरम हवा येणे एकाएकी थांबले, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील वाफेने चेहरा व हात गंभीररीत्या भाजण्याचा धोका असतो.

थार किंवा स्कॉर्पिओसारख्या, इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेल्या गाड्यांमध्ये पंप पुढच्या बाजूला असल्याने तो बदलणे फारसे अवघड नसते. मात्र ज्या इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो, तेथे हे काम जाणकार मेकॅनिककडेच सोपवावे. बेल्ट एक दाता जरी चुकला, तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. सुटे भाग घेताना केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही. बंगळुरूच्या जे. सी. रोडवरील बाजारपेठेत जाताना चासी क्रमांक आणि शक्य असल्यास जुना पंप बरोबर न्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन थंड असावे आणि बॅटरीची ऋण तार काढलेली असावी. कूलंट भांड्यात काढून घेतल्यावर पंख्याचे आवरण, पंखा, पट्टा व रबरी नळ्या या क्रमाने सुटे करावेत. पंपाचे बोल्ट अनेकदा वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवला, तर घोटाळा होत नाही. जुन्या गॅस्केटचे अवशेष काढताना धातूच्या पृष्ठभागावर ओरखडा पडू देऊ नये. नवे गॅस्केट लावून बोल्ट प्रथम हाताने, नंतर समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिलेल्या मापाइतके आवळावेत. थर्मोस्टॅट, पट्टा व नळ्या जुन्या असतील, तर त्याही याच वेळी बदलाव्यात.

नव्या पंपाचे आयुष्य मात्र त्यात काय भरले जाते यावर अवलंबून असते. बंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणले जाते. तरीही अनेक वस्त्या कूपनलिका व टँकरवर अवलंबून असतात. २०२४ च्या टंचाईत तर शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी घालून ५,००० रुपयांचा दंड जाहीर केला होता. कूपनलिकेच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. असे पाणी वारंवार रेडिएटरमध्ये ओतले की क्षारांचा थर साचतो, रेडिएटरच्या नळ्या अरुंद होतात आणि खरखरीत कण पंपाचे सील घासून काढतात. म्हणून उत्पादकाने सुचवलेले कूलंट शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळूनच वापरावे. त्यातील गंजरोधक घटक पंपाचेही रक्षण करतात.

कूलंट भरल्यावर हीटर सुरू ठेवून इंजिन चालवावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा तपासावी. काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असल्याने लहान मुले व कुत्र्या-मांजरांना त्यापासून जिवाचा धोका संभवतो. ते झाकणाच्या डब्यात भरून, ते स्वीकारणाऱ्या वर्कशॉपकडे द्यावे.

नवा पंप बसवल्यावर लगेच लांबच्या प्रवासाला निघू नये. आधी दोन-तीन दिवस शहरात गाडी चालवावी आणि रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा पसरून पाहावा. तो कोरडा राहिला आणि कूलंटची पातळीही घटली नाही, तरच घाटाचा रस्ता धरावा.