पळून जाण्याचा 'आजार'

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात १८५१ साली डॉ. सॅम्युअल कार्टराइट यांनी एका नव्या आजाराची नोंद केली. हा आजार फक्त कृष्णवर्णीय गुलामांना होत असे आणि त्याचे लक्षण एकच होते, रोगी मालकाच्या मळ्यावरून पळून जाई. कार्टराइट यांनी त्याला 'ड्रेपटोमेनिया' असे भारदस्त नाव दिले. ग्रीक भाषेत 'ड्रेपटेस' म्हणजे पळून गेलेला गुलाम आणि 'मेनिया' म्हणजे वेड. कारणेही त्यांनी सांगितली होती. मालकाने गुलामाला फार बरोबरीने वागवले किंवा विनाकारण छळले, की हे वेड लागते. गुलामाला पोटभर खाऊ घालावे, रात्रीची ऊब द्यावी, पण मान वर करू देऊ नये. आणि एखादा उगाचच नाराज दिसू लागला, तर वेळीच चाबूक वापरावा, म्हणजे आजार टळतो, असा त्यांचा सल्ला होता.

त्याच लेखात आणखी एक आजार होता. कामात हयगय करणे, अवजारे मोडणे, पिकाची नासाडी करणे ही त्याची लक्षणे. मळ्यावरचे मुकादम याला सरळ 'बदमाशी' म्हणत. कार्टराइट यांच्या मते तो त्वचेचा आणि मनाचा बधिरपणा होता. उपचार असा, की अंगाला तेल लावायचे, ते चामड्याच्या रुंद पट्ट्याने चोपून जिरवायचे आणि मग उन्हात कष्टाचे काम द्यायचे.

हा लेख न्यू ऑर्लिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकी संसदेने पळालेल्या गुलामांना मालकाच्या हवाली करणे बंधनकारक करणारा कायदा केला होता. म्हणजे कायद्याने जो गुन्हा ठरवला होता, त्याला वैद्यकाने रोगाची जोड दिली. तेव्हाही हसणारे होतेच. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी लिहिले, की करारावर आणलेले गोरे नोकरही मालकाकडून पळून जात असत. तेव्हा हा रोग मूळचा युरोपातला असावा आणि व्यापाऱ्यांनी तो आफ्रिकेत नेला असावा! पण कार्टराइट यांना चक्रम म्हणून सोडून देता येत नाही. ते आपल्या भागातले प्रतिष्ठित डॉक्टर होते आणि तिथल्या वैद्यक संघटनेनेच त्यांच्याकडे हा अहवाल मागितला होता.

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात 'विचलन' नावाचा धडा असतो. समाजाने आखलेल्या चाकोरीबाहेरचे वागणे म्हणजे विचलन. चोरी हे विचलन, तसेच विधवेने कुंकू लावणे हेही एके काळी विचलनच होते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम यांनी १८९५ मध्ये म्हटले, की ज्यात गुन्हा नाही असा समाजच नसतो. काय चालेल आणि काय चालणार नाही, याची सीमा समाज गुन्ह्यामुळेच ठरवत राहतो. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेचे हॉवर्ड बेकर यांनी प्रश्नाचा रोखच बदलला. त्यांचे म्हणणे असे, की विचलन हा त्या कृतीचा गुण नसतोच. नियम कोण करतो आणि तो कोणावर लावतो, यावर ते अवलंबून असते. शिक्का बसला, की माणसाची बाकी सगळी ओळख त्याखाली झाकली जाते.

महाराष्ट्राला हे उदाहरणासह ठाऊक आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई प्रांतातही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा अशा अनेक जमातींतले मूल जन्मतःच गुन्हेगार ठरले. हजेरी, परवाना, तारेच्या कुंपणातली वस्ती, सगळे त्यामुळेच. सोलापुरात आजही 'सेटलमेंट' हा शब्द वस्तीचे नाव म्हणून वापरात आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरात हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांकडे का वळते, याचे उत्तर बेकर यांच्या त्या शिक्क्यात आहे.

कायदा माणसाला गुन्हेगार ठरवतो, तसे वैद्यक त्याला रोगी ठरवू शकते. समलैंगिकतेचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये ती आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. भारतात ती गुन्ह्यातून बाहेर यायला २०१८ उजाडले. स्किझोफ्रेनियाची गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत या आजाराचे चित्र बहुधा स्वतःत हरवलेल्या, निरुपद्रवी गोऱ्या रुग्णाचे असे. साठच्या दशकात नागरी हक्कांची चळवळ पेटली आणि १९६८ साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी कृष्णवर्णीय पुरुषांसाठी 'निषेधाचा मनोविकार' अशी संज्ञाच मांडली. त्याच वर्षीच्या निदानपुस्तिकेत स्किझोफ्रेनियाच्या संशयग्रस्त प्रकाराच्या वर्णनात वैरभाव आणि आक्रमकता हे शब्द होते. मिशिगनमधल्या एका मनोरुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासून जोनाथन मेट्झल यांनी या बदलावर पुस्तक लिहिले आहे. आजाराचे नाव तेच राहिले, चेहरा मात्र बदलला.

इथपर्यंतचे सगळे इतिहासात जमा करून टाकता येते. ड्रेपटोमेनिया आज कोणी शिकवत नाही. पण कार्टराइट यांच्या हातातले एक यंत्र अजूनही दवाखान्यात आहे.

ते यंत्र म्हणजे स्पायरोमीटर. दमेकऱ्यांना त्याची ओळख 'फुंकायची टेस्ट' म्हणून असते. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८४६ साली दोन हजारांहून अधिक लोकांच्या मोजमापांसह ते जगापुढे आणले. छातीभर श्वास घेऊन जोरात सोडला, की किती हवा बाहेर पडते, हे त्यावर कळते आणि उंची वाढते तशी ती वाढते, हे त्यांनी दाखवले. काही वर्षांतच कार्टराइट यांनी हेच यंत्र वापरून दावा केला, की कृष्णवर्णीयांची फुप्फुसे गोऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी भरतात. निष्कर्ष काय, तर मळ्यावरच्या सक्तीच्या कष्टाने त्यांचे रक्त शुद्ध होते, म्हणून गुलामगिरी त्यांच्या आरोग्याला हितकर!

गुलामगिरी संपली तरी आकडा टिकला. यादवी युद्धातल्या सैनिकांची मापे घेऊन बेंजामिन गूल्ड यांनी १८६९ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला, त्यातही कृष्णवर्णीयांचे आकडे कमी आले. हे सैनिक कालपरवापर्यंत कुठल्या स्थितीत जगत होते, हा प्रश्न त्या आकड्यांना विचारला गेला नाही. १८९६ मध्ये एका विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी हे आकडे घेऊन ही जमातच जात्या दुबळी असल्याचे लिहिले. विमा कंपनीला ते सोयीचेच होते. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी त्याचा प्रतिवाद केला. फिलाडेल्फियातल्या घराघरांत फिरून त्यांनी १८९९ साली दाखवले, की जास्त मृत्यूंमागे कोंदट खोल्या, गलिच्छ गल्ल्या आणि तुटपुंजी मजुरी आहे. समाजशास्त्रातला हा पाया घालणारा अभ्यास, पण तो वैद्यकाच्या पुस्तकांत शिरला नाही. हॉफमन यांचा आकडा शिरला.

विसाव्या शतकात तो यंत्रातच जाऊन बसला. तंत्रज्ञ वय, उंची, लिंग भरतो, तसा वंशही भरतो. 'कृष्णवर्णीय' निवडले, की अपेक्षित क्षमता १० ते १५ टक्क्यांनी खाली येते. 'आशियाई' निवडले, की चार ते सहा टक्क्यांनी. ऐकायला हे काळजीपूर्वक वाटते. परिणाम मात्र उलटा होतो. समजा, गोऱ्या माणसाकडून चार लिटरची अपेक्षा आहे आणि तो ३.१ लिटर फुंकतो. हे ७८ टक्के झाले. पूर्वापार चालत आलेल्या ८० टक्क्यांच्या मर्यादेखाली गेल्याने त्याला आजारी धरतात. तेवढ्याच वयाच्या, तेवढ्याच उंचीच्या कृष्णवर्णीयाने तेवढीच हवा फुंकली, तर त्याच्याकडून अपेक्षाच ३.४ लिटरची. तो ९१ टक्क्यांवर, म्हणजे ठणठणीत! दम दोघांनाही सारखाच लागतो. १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे उत्पादन करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने याच आधारावर बाल्टिमोरच्या न्यायालयाकडे मागणी केली होती, की भरपाई मागणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांना अधिक कडक निकष लावावा.

फरक मुळात नसतोच, असे कोणी म्हणत नाही. सरासरीत तो दिसतो. उंचीच्या प्रमाणात धड लांब की पाय लांब, यानेही थोडा फरक पडतो. पण लहानपणीचे कुपोषण, घरातला धूर, हमरस्त्याला लागून असलेली वस्ती, वारंवारचे छातीचे संसर्ग यांनीही फुप्फुसांची वाढ खुंटते, आणि अमेरिकेत या गोष्टी वंशानुसार वाटल्या गेल्या आहेत. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्येच मोजून दाखवले, की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतात. वंशावंशांतला वाटा जेमतेम सहा टक्के. मग यंत्रातल्या 'वंश' या रकान्यात नेमके काय मोजले जाते? बऱ्याच अंशी गरिबीच. आणि तिचा परिणाम 'त्यांच्यात नॉर्मल' म्हणून नोंदवला जातो.

भारतालाही हा प्रश्न चुकत नाही. पाश्चात्त्य तक्ते इथे जुळत नाहीत म्हणून चेन्नई, दिल्ली, मुंबईच्या संशोधकांनी आपापले तक्ते केले, ते योग्यच. पण धुरकट चुलीशेजारी वाढलेल्या मुलीची फुप्फुसे लहान राहिली, तर ते 'भारतीय प्रमाण' मानायचे का, हा पेच कुठलाही तक्ता सोडवत नाही.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये वंशाचा रकाना वगळून सर्वांना एकच समीकरण लावण्याची शिफारस केली. याचे परिणाम २०२४ मध्ये एका अभ्यासाने मांडले. माजी सैनिकांच्या अपंगत्व भरपाईत कृष्णवर्णीयांचा वाटा वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांनी वाढेल. दुसरी बाजूही आहे. अग्निशमनासारख्या नोकऱ्यांत फुप्फुसांची ठरावीक क्षमता लागते. नव्या हिशेबात तिथे काही कृष्णवर्णीय उमेदवार अपात्र ठरतील आणि काहींना शस्त्रक्रिया जास्त जोखमीची म्हणून नाकारली जाऊ शकते. शिक्का काढण्याचीही किंमत असते, आणि ती पुन्हा त्याच माणसांना द्यावी लागू नये, यावर सध्या वाद चालू आहे.

मूत्रपिंडाच्या बाबतीत निर्णय अधिक स्पष्ट झाला. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचे काम मोजणाऱ्या १९९९ च्या सूत्रात कृष्णवर्णीयांचा आकडा १.२१ ने गुणला जाई. त्यांचे स्नायू जास्त असतात, हे गृहीतक. त्यामुळे मूत्रपिंड निकामी होत आले तरी कागदावर बरे दिसे आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव उशिरा लागे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी यावर आवाज उठवला. २०२१ मध्ये तज्ज्ञ समितीने हा गुणक काढायला सांगितला आणि २०२३ पासून यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांना गमावलेला प्रतीक्षाकाळ परत जमा करून देणे सुरू झाले. हजारोंना तो मिळाला.

वंशाचा रकाना नसलेले यंत्रही फसू शकते. कोरोनाच्या लाटेत मेडिकलमधून मिळेल त्या किमतीला आणलेला ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश पाठवून रक्तातला प्राणवायू मोजतो. गडद त्वचेतले मेलॅनिनही तो प्रकाश शोषते. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवले, की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्राणवायू ८८ टक्क्यांखाली गेल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होते. अमेरिकी नियामकाच्या २०१३ च्या नियमानुसार या यंत्राची चाचणी किमान दहा जणांवर व्हायची आणि त्यांत गडद त्वचेचे दोघे असले तरी पुरे. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ही संख्या किमान १५० वर नेण्याचे सुचवले आहे.

मसुदा लागू होऊन नवी यंत्रे येईपर्यंत कपाटातला ऑक्सिमीटर जुनाच असणार. बोट गार नसावे, नखाला पॉलिश नसावे, हात हलू नये. एका आकड्यापेक्षा तो दिवसभरात घसरतो आहे का, ते पाहावे. आणि आकडा ९५ असला तरी बोलताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागत असेल, तर यंत्राचे न ऐकता रुग्णालय गाठावे.