काय येते, हे मुलाला कळते का? अधिबोधनाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

आपल्याला काय समजले आणि काय नाही हे ओळखून त्यानुसार अभ्यासाची रीत बदलण्याच्या क्षमतेला अधिबोधन किंवा मेटाकॉग्निशन म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लेवेल यांनी १९७० च्या दशकात ही संकल्पना मांडली. आपल्या धाराशिव जिल्ह्याचा समावेश २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाला, तेव्हापासून इथल्या मुलांची भाषा आणि गणितातील संपादणूक वारंवार तपासली जाते. अधिबोधन मात्र गुणांच्या आकड्यात दिसत नाही.

हुशार मुलाकडे ते आपोआप असते, हा पहिला गैरसमज. बुद्धिमत्तेशी त्याचा संबंध आहे, पण ती निराळी क्षमता आहे आणि ती शिकवता येते.

‘समजले का?’ या प्रश्नाला वर्गातून ‘हो’ आले की समजले, ही समजूत अधिक खोल रुजलेली आहे. मानसशास्त्रज्ञ एलेन मार्कमन यांनी १९७७ मध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांना मुद्दाम अपुऱ्या सूचना दिल्या. लहान मुलांना त्यांतली उणीव सहसा जाणवली नाही, प्रत्यक्ष कृती करू लागल्यावरच ती ध्यानात आली. हे आपल्या वर्गातही पडताळता येते. नळदुर्गच्या किल्ल्यावरील उताऱ्यात एकीकडे बोरी नदीचे पाणी बंधाऱ्यावरून कोसळते असे लिहावे आणि पुढे नदी किल्ल्यापासून फार दूर आहे असे लिहावे. विसंगती कोण पकडतो, हे होकारापेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते.

पुन्हा पुन्हा वाचल्याने धडा पक्का होतो, असे विद्यार्थ्यांनाही वाटते. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात, केवळ वाचत राहिलेल्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, तर एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. तरीही आपल्या लक्षात जास्त राहील, असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

मापनाबाबतचा गैरसमज असा, की प्रश्नावली भरून घेतली की काम झाले. श्रॉ आणि डेनिसन यांची १९९४ ची ५२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे, पण ती प्रौढांसाठी होती. शिवाय मूल स्वतःबद्दल जे सांगते आणि अभ्यास करताना जे करते, त्यांचा मेळ अनेकदा बसत नाही.

त्यापेक्षा शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावात प्रत्येक उत्तरापुढे ‘नक्की’, ‘बहुतेक’ किंवा ‘अंदाजाने’ अशी खूण करून घेणे उपयोगाचे. समजा, दोन मुलांना २० पैकी १४ गुण मिळाले. एकाने चुकलेल्या सहाही उत्तरांपुढे ‘नक्की’ लिहिले, दुसऱ्याने ‘अंदाजाने’. गुण सारखेच, पण दुसऱ्याला पुढे काय अभ्यासायचे ते ठाऊक आहे. पहिला ते प्रश्न पुन्हा उघडणारही नाही. बहुपर्यायी प्रश्नात अंदाजानेही उत्तर बरोबर येते, म्हणून एकूण गुणांचा अंदाज विचारून भागत नाही, प्रश्नागणिक ताळा पाहावा लागतो.

शिकलेले किती लक्षात राहील, हा अंदाजही मुलांना धडा संपताक्षणी न विचारता थोड्या वेळाने विचारावा. तो अधिक अचूक येतो, हे नेल्सन आणि डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये दाखवले. ‘नक्की’-‘अंदाजाने’च्या खुणांना किंवा अशा अंदाजांना गुण मात्र देऊ नयेत. गुण दिले, की मुले खरे वाटते ते न लिहिता फायद्याचे ते लिहू लागतात.