विझलेली तार

नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगाला अजून उटण्याचा वास येत असतो तोवरच, अंगणात पहिली फुलबाजी पेटते. ठिणग्यांचा सडा मनगटावर पडतो, मुंगी चालल्यासारखं वाटतं, बस्स. त्या एकेका ठिणगीचं तापमान मात्र १००० अंश सेल्सियसच्या वर असतं. उलट नुकता कपात गाळलेला चहा फार तर ८० अंशांचा. तो मांडीवर सांडला तर अख्खी दिवाळी अंथरुणात जाते. हजार अंश गुदगुल्या करणार आणि ऐंशी अंश फोड आणणार, हा कुठला न्याय?

उत्तर ठिणगीच्या वजनात आहे. ती असते धुळीच्या कणाएवढी. कितीही तापली तरी एवढ्याशा कणात उष्णता साठणार किती? ठिणगीचा तोरा मोठा, पण खिशात दमडी नाही. (डोळ्यात गेली तर मात्र तेवढी दमडीही पुरते. पॉलिएस्टरच्या ओढणीवर पडली तरीही. ते कापड साधारण २६० अंशांना वितळतं आणि कातडीला चिकटून बसतं. फटाके उडवताना अंगात सुती कपडेच हवेत.)

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे ठिणगीत जळतं ते चक्क लोखंड. चुलीवरचा तवा पिढ्यान्‌पिढ्या तापतो, पण पेट घेत नाही. त्याच लोखंडाचा कीस केला की हवेला भिडणारा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो आणि कण भराभर जळतात. कीस पोलादाचा असेल तर त्यातला कार्बनही जळतो, कणाच्या पोटात वायू कोंडतो आणि कण उडता उडता फुटतो. ठिणगीला ज्या नाजूक फांद्या फुटतात, त्या अशा. फुलबाजीतलं ‘फूल’ हे इतकं शब्दशः आहे!

दारूकामाची आपल्याकडची हौस जुनी. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी भारतातल्या दारूकामाचा इतिहास धुंडाळला, त्यात पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंग आहे. महादजी शिंदे पेशव्यांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवतात: तिथे ‘दारूची लंका’ उभारतात, राक्षस दारूचे, मारुतीही दारूचा, आणि शेपटीला आग लागली की तो उडून लंका पेटवत सुटतो. या दारूचं मर्म सोऱ्यात आहे. काळ्या दारूत तो सुमारे ७५ टक्के असतो, उरलेला कोळसा आणि गंधक. जळायला लागणारा ऑक्सिजन सोराच पुरवतो. म्हणजे ही आग आपला श्वास गाठीला बांधूनच येते. पेटत्या फटाक्यावर डबा उपडा घातल्याने ती गुदमरत नाही. डब्यालाच बॉम्ब करते. सुतळी बॉम्बची सगळी करामत तरी काय? घट्ट गुंडाळलेल्या सुतळीत कोंडलेला वायू.

न फुटलेल्या लवंग्यांतली दारू कागदावर काढून पेटवण्याचा उद्योग आमच्या वाड्यात दरवर्षी चाले. भुस्सकन उजेड होई आणि कुणाच्या तरी भुवया जात. आज आठवलं की अंगावर काटा येतो. फुसक्या फटाक्याच्या वातीत आत कुठेतरी निखारा जागा असू शकतो. त्यावर वाकून बघायचं नाही. बराच वेळ थांबून लांबूनच बादलीभर पाणी ओतायचं. भुईनळाही लांब उदबत्तीने, तोंड बाजूला ठेवून लावावा, तो याचसाठी.

पण माझा स्वतःचा प्रसाद फटाक्याचा नव्हे, तारेचा. आठ वर्षांचा असेन, अनवाणी पळताना विझलेल्या फुलबाजीवर पाय पडला. तार काळी होती, मग इतकी भाजली कशी? मोठेपणी कळलं: लोखंड सुमारे ५०० अंशांच्या पुढे गेल्यावरच अंधारात लालसर दिसू लागतं. त्याखाली, अगदी ४०० अंशांनाही, ते काळंच. उजेड गेला म्हणजे उष्णता गेली, हा डोळ्यांचा गैरसमज.

आणि हाच गैरसमज कातडीबाबतही होतो. तारेवरून पाय उचलला तरी आत शिरलेली उष्णता लगेच निघून जात नाही. वरचा थर भाजल्यावर ती खालच्या थरात उतरत राहते. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिकेझ या संशोधकांनी कातडी किती वेळ काय सोसते ते मोजलं: ४४ अंशांना इजा व्हायला सुमारे ६ तास लागतात, ६० अंशांना जेमतेम ५ सेकंद. आत अडकलेल्या प्रत्येक अंशाला म्हणूनच इतकी किंमत आहे.

आजीने माझ्या तळव्यावर टूथपेस्ट थापली होती. शेजारच्या काकू शाई घेऊन आल्या होत्या. माया अस्सल, उपाय चुकीचा. लेपाने उष्णता आतच राहते, जखमेत घाण जाते, डॉक्टरांना काही दिसत नाही ते वेगळंच. तूप, हळद, बटाट्याचा कीस, सगळ्यांची गत तीच. बर्फही नको, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि पोळलेल्या कातडीची आणखी हानी होते. लागतं ते नळाचं साधं वाहतं पाणी, तेही २० मिनिटं. तीन तासांच्या आत कधीही धरलं तरी उपयोग होतो. सूज चढण्याआधी अंगठ्या, बांगड्या उतरवाव्यात. चिकटलेलं कापड ओढू नये, फोड फोडू नये, लहान मुलाचं बाकीचं अंग ऊबदार ठेवावं. मग स्वच्छ, लव नसलेल्या कापडाने सैलसर झाकावं. भाजलेला भाग त्या माणसाच्या तळहाताहून मोठा असेल, चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, तर थेट दवाखाना. डोळ्याला इजा झाली असेल तर चोळायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.

वीस मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. नळाखाली हात धरून रडणाऱ्या पोराला ती युगासारखी वाटतात. तेवढ्यात एक गोष्ट सांगून होते. लंका पेटवणाऱ्या मारुतीची सांगावी.

आमच्या अंगणात आता पाण्याची बादली असते. भाचीला फुलबाजीपेक्षा तिचीच जास्त मजा वाटते. उजेड गेला की ती काळी तार हातभर अंतरावर धरून मनात पाचपर्यंत मोजते, मग पाण्यात बुडवते आणि कान देऊन ऐकते. चर्रर्र!