बाजरीवरील अरगट : काळ्या दाण्यातील विष कसे तयार होते?

गेवराई तालुक्यातील उमापूर व आसपासच्या गावांत खरिपात बाजरी पेरली जाते. पीक फुलोऱ्यात असताना आभाळ ढगाळ राहून पावसाची झिमझिम लागली, म्हणजे कणसांवर मधासारखे चिकट, गुलाबी थेंब दिसू लागतात. यालाच शेतकरी चिकटा म्हणतात. हा अरगट रोग होय. पुढे त्या जागी दाण्याऐवजी कठीण, काळपट गाठ तयार होते. ही गाठ म्हणजे बिघडलेला दाणा नसून क्लॅव्हिसेप्स फ्युजिफॉर्मिस या बुरशीचे शरीर आहे.

या गाठीत बुरशी विषारी अल्कलॉइडे तयार करते. त्यासाठी लागणारा मुख्य कच्चा माल ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल होय. प्रथिनांचा हा एक नेहमीचा घटक असून त्यात इंडोल नावाची, दोन कड्यांची रचना मुळातच असते. बुरशीचे एक विकर त्यास पाच कार्बन अणूंचा तुकडा जोडते. नंतर इतर विकरे एकामागून एक काम करून आणखी दोन कडी पूर्ण करतात व चार कड्यांचा सांगाडा उभा राहतो. या कामाची जनुके बुरशीत एकमेकांशेजारी असतात.

राय या धान्यावरील अरगटाची बुरशी याच्याही पुढे जाऊन लायसर्जिक आम्ल बनवते व त्यास अमिनो आम्ले जोडते. युरोपात त्या विषाने माणसांची हातपाये सडत असत. बाजरीवरील बुरशीत मात्र शेवटच्या पायऱ्यांची जनुके बिघडलेली अथवा नाहीशी झालेली आहेत. त्यामुळे तिचे काम क्लॅव्हिन वर्गाच्या अल्कलॉइडांवरच थांबते. म्हणून या बाजरीच्या विषबाधेत मळमळ, उलट्या, चक्कर व गुंगी ही लक्षणे दिसतात.

हे विष निरुपद्रवी समजू नये. १९५६ साली सातारा भागात हा रोग साथीच्या रूपाने आला होता. तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाल्ल्याने झालेल्या विषबाधेची वैद्यकीय नोंद १९५८ साली प्रसिद्ध झाली. भाकरी भाजल्याने हे विष खात्रीने नष्ट होत नाही. खाण्याच्या बाजरीत अरगटयुक्त दाणे वजनाने ०.०५ टक्क्यांहून अधिक असू नयेत, असा नियम आहे.

उपाय सोपा आहे. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे व ढवळावे. गाठी हलक्या असल्याने वर तरंगतात. त्या काढून जाळून टाकाव्यात. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे. खाण्याची बाजरीही दळण्यापूर्वी याच रीतीने निवडता येते. रोगट कणसे मळणीपूर्वीच वेगळी करून नष्ट करावीत, जनावरांना घालू नयेत. सुगीनंतर खोल नांगरट करावी व पुढील हंगामात पिकाची फेरपालट करावी. ग्रामसेवकांनी पेरणीपूर्वी मिठाच्या पाण्याचे प्रात्यक्षिक गावात करून दाखवावे.