वनस्पतींचे बारसे करणारा डॉक्टर

शाळेतली पाच-सहा मुले एकदमच उलट्या करत सरकारी रुग्णालयात येतात. सोबतची मंडळी सांगतात, ‘एरंडाच्या बिया खाल्ल्या.’ आमचा पुढचा प्रश्न ठरलेला : कोणता एरंड? कुंपणाला लावतात तो मोगली एरंड असेल, तर उलट्या-जुलाबांनी मुले गळून जातात, पण सलाईनवर बहुतेक वेळा लवकर सावरतात. साधा एरंड असेल आणि बिया चावून खाल्ल्या असतील, तर रायसिन या विषामुळे काही दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. म्हणून एखाद्या नातेवाइकाला त्या झाडाचे पान आणि फळ आणायला पिटाळतो. मराठीत दोन्ही एरंडच. शास्त्रात मात्र एक ‘जॅट्रोफा कर्कस’, दुसरा ‘रिसिनस कम्युनिस’. ही दोन्ही नावे १७५३ सालच्या एकाच ग्रंथातली आहेत.

‘स्पिशीज प्लँटारम’ या त्या ग्रंथाचा कर्ता कार्ल लिनिअस. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून तो प्रसिद्ध आहे, पण पेशाने तो डॉक्टर होता. जन्म १७०७ चा, स्वीडनमधल्या एका खेड्यात. वडील धर्मोपदेशक आणि बागेचे शौकीन. १७३५ मध्ये हॉलंडला जाऊन त्याने वैद्यकाची पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता थंडीताप, म्हणजे आपला मलेरिया. चिकणमातीच्या प्रदेशात पाण्यावाटे मातीचे कण रक्तात शिरतात आणि ताप येतो, असे त्याचे म्हणणे. साफ चूक! पण चिकणमातीत पाणी साचते आणि साचल्या पाण्यात डास होतात. निरीक्षण पक्के होते, कारण हुकले. पुढे ज्या झाडाच्या सालीतून क्विनाइन मिळते, त्याला ‘सिंकोना’ हे नाव त्यानेच दिले.

स्टॉकहोममध्ये त्याने काही वर्षे दवाखाना चालवला. गुप्तरोगाचे रुग्ण त्याच्याकडे बरेच येत. १७४१ मध्ये तो उप्साला विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक झाला. त्या काळी औषध म्हणजे मुख्यतः झाडपाला, त्यामुळे वनस्पती ओळखता येणे हा वैद्यकाच्या शिक्षणाचाच भाग होता.

अडचण नावांची होती. झाडाचे नाव म्हणजे त्याचे वर्णनच : फांद्या कशा, पाने कशी, कडा दातेरी की गुळगुळीत, अशी दहा-दहा लॅटिन शब्दांची माळ. ती पाठ कोण करणार? लिनिअसने सुमारे सहा हजार वनस्पतींना सरसकट दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा त्या जातीचा खास. फुलातले पुंकेसर मोजून गट पाडण्याची त्याची पद्धत मात्र मागे पडली. केवळ संख्या जुळते म्हणून नात्यात नसलेली झाडे तिने एका पंगतीत बसवली होती. माणसांचेही त्याने रंगावरून गट पाडले आणि त्यांना स्वभाव चिकटवले. ते काम त्याने केले नसते तर बरे झाले असते.

तो भारतात कधीच आला नाही. मलबारच्या वनस्पतींसाठी त्याने ‘हॉर्टस मलबारिकस’चा आधार घेतला. १६७८ पासून ॲमस्टरडॅमला निघालेले हे बारा खंड डच अधिकारी व्हान ऱ्हेड याच्या नावावर आहेत, पण माहिती होती इट्टी अच्युतन या केरळी वैद्याची आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांची. या तिघांचे देवनागरीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. लिनिअसच्या नावामागे झाकली गेलेली ही माणसे आपल्याकडे तरी अधिक माहीत असायला हवीत.

अखेरची वर्षे पक्षाघाताने जायबंदी केली. उजवी बाजू लुळी पडली, स्मृती गेली. स्वतःचीच पुस्तके चाळताना तो लेखकाचे कौतुक करी, पण तो लेखक आपणच, हे त्याला उमगत नसे. १७७८ च्या जानेवारीत तो गेला.