रात्री झोपमोड करणारा हात

दिवाळीचा फराळ आटोपतो, सोऱ्या धुऊनपुसून पुन्हा माळ्यावर जातो, आणि रात्री अडीचच्या सुमारास घरची गृहिणी दचकून जागी होते. उजव्या हाताला मुंग्या आलेल्या असतात. बोटे जड, सुजल्यासारखी, जणू दुसऱ्याचीच वाटतात. ती हात झटकते, खाटेखाली लोंबता ठेवते, आणि पाचदहा मिनिटांनी तो ताळ्यावर येतो. सकाळी कुणी विचारलेच, तर उत्तर ठरलेले : "काही नाही, जरा वात आहे." वडील मंडळी अशक्तपणाचे निदान करतात, शेजारच्या काकू तेल सुचवतात आणि मामला तिथेच मिटतो. तो तसा मिटू देऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आपल्या मनगटात एक बोगदा आहे. तळाला लहान हाडांची कमान आणि वर एका चिवट पट्ट्याचे छप्पर. बोटे मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे कंडरा, या बोगद्यातून जातात, आणि त्यांच्याच गर्दीत अंग चोरून एक मज्जातंतू जातो. कंडरांभोवतीची आवरणे सुजली, की चेंगरतो तो हा बिचारा मज्जातंतू. डॉक्टर याला 'कार्पल टनेल सिंड्रोम' म्हणतात. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची जाणीव या तंतूकडे असते. करंगळी त्याच्या राज्यात येत नाही. म्हणून मुंग्यांतून करंगळी वगळली जात असेल, तर संशय मनगटावर घ्यावा. मनगट मुडपले की बोगद्यातला दाब वाढतो, आणि झोपेत आपण नेमके तेच करतो. हातांची जुडी करून गालाखाली घेतो.

हे दुखणे टंकलेखकाचे, आता संगणकवाल्यांचे, असा शहरात समज आहे. पण बोटांचे खरे कष्ट पाहायचे तर जालन्याकडे जावे. 'जालना सोने का पालना' म्हणून मिरवणाऱ्या या गावी 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी 'महिको' ही बियाण्यांची कंपनी काढली आणि पुढे सारा परिसर बीजोत्पादनासाठी नावाजला. संकरित कपाशीचे बी मात्र यंत्रातून पडत नाही. दुपारी एकेका कळीच्या पाकळ्या, आतल्या पुंकेसरांसकट, अंगठ्याच्या नखाने सोलून काढायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलावर नराचा पराग चोळायचा. याला तिकडे 'क्रॉसिंग' म्हणतात. हंगामभर, दिवसाला शेकडो फुले, आणि हात बहुधा बायकांचे. जोर लावून तीच ती हालचाल करणाऱ्या हातांना हा विकार अधिक गाठतो, हे ठाऊक असलेली गोष्ट आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो मुळातच जास्त. गरोदरपण, मधुमेह, थायरॉईडची मंदी, संधिवात ही त्याची आणखी आमंत्रणे. जिची मजुरी अंगठ्याच्या चिमटीवर अवलंबून आहे, तिचीच चिमूट सैल होऊ लागते. तिला 'विश्रांती घ्या' असे सांगणे सोपे आहे!

मग करावे काय? पहिला उपाय इतका साधा, की त्यावर विश्वास बसत नाही : रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपावे. फार आवळू नये. काही आठवडे नेमाने बांधल्यास अनेकांची झोप परत येते.

दुसरा उपाय हलक्या ताणाचा. मनगट सरळ ठेवून मूठ मिटावी; बोटे उघडावी; मग तळहात पुढे करून मनगट हळूच मागे वाकवावे आणि अंगठा बाजूला न्यावा. दर टप्प्याला पाचसात सेकंद थांबावे. बोगद्यात अडकलेला तंतू थोडा मागेपुढे सरकावा, एवढाच हेतू. मुंग्या वाढल्या तर ताण जास्त झाला असे समजून थांबावे. येथे शौर्याला बक्षीस नाही.

तिसरा उपाय जाणत्या हातांचा. फिजिओथेरपिस्ट मनगटाची हाडे, हाताचे स्नायू आणि मानही हलक्या हाताने मोकळी करतात; मानेचा संबंध असा, की हा तंतू तिथूनच निघतो. माद्रिदमध्ये 120 स्त्रियांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निम्म्या जणींवर शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांना असे उपचार मिळाले. पहिल्या तीन महिन्यांत उपचारवाल्या पुढे होत्या. वर्षअखेर दोन्ही गट जवळपास बरोबरीत आले. निकाल उमेद देणारा खरा, पण एका चाचणीवरून सारे ठरवू नये. शिवाय जाणता हात वेगळा आणि तेल लावून मनगटावर अंगठे रोवणारा मालिशवाला वेगळा. आधीच दबलेल्या तंतूवर आणखी दाब कशाला?

एक खूण मात्र रोज पाहावी. दोन्ही तळहात शेजारी धरा. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा एका हाताचा बसका दिसतो का? हातातून कपबशी निसटते का, ब्लाऊजचे हूक लागत नाहीत का? मुंग्या आता चोवीस तास आहेत का? तसे असेल तर पट्टा, ताण आणि तेल यांत आणखी महिने घालवू नयेत. मज्जातंतूची विद्युत तपासणी करून डॉक्टर शस्त्रक्रियेचे ठरवतात. फक्त हात बधिर करून बोगद्याचे ते छप्पर कापून मोकळे करतात आणि बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. रात्रीच्या मुंग्या पुष्कळदा लवकरच थांबतात. पण फार उशीर झाला असेल, तर सुकलेला उंचवटा पुन्हा भरून येईलच, असे कोणताही सर्जन सांगत नाही.